कानातील मळ आणि वर्गातील मूल

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत भाषेचे अध्यापन आहे, गणितातील साहित्य आहे, पटनोंदणी आहे. त्यांच्या पंक्तीस कानातील मळ हा विषय बसलेला पाहून आपल्यापैकी कित्येकांच्या मुद्रेवर स्मित उमटले. ते मला दिसले, आणि त्याचे मला वाईटही वाटले नाही. विषय क्षुल्लक आहे खरा. परंतु भाषेचा तास असो वा गणिताचा, आपले बहुतेक सारे अध्यापन मुलाच्या कानावाटेच त्याच्यापर्यंत पोहोचते. ती वाट हरभऱ्याएवढ्या मळाच्या खड्याने बंद झाली, तर आपले पाठटाचण कितीही उत्तम असले तरी त्या मुलापुरते ते व्यर्थ होय. आणि या गोष्टीची दखल घेणारा माणूस बहुधा शिक्षकावाचून दुसरा कोणी नसतो. घरात चार माणसे मोठ्याने बोलतात, हातवारे करतात, हाताला धरून नेतात. तेथे मुलाचे निभून जाते. निभत नाही ते वर्गात.

मुलाला कमी ऐकू येते हे ओळखावे कसे? मुले स्वतः होऊन सांगत नाहीत. हळूहळू कमी होत गेलेले ऐकणे मुलाला कमी वाटतच नाही. जग इतकेच बोलते अशी त्याची समजूत होऊन बसते. आपण पाठमोरे होऊन फळ्यावर लिहीत असता बोललो की ते गोंधळते, आपल्या तोंडाकडे टक लावून पाहते, एकच बाजू पुढे करून ऐकते, प्रश्न विचारला की आधी शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. पण सर्वांत भरवशाची खूण मला श्रुतलेखनाच्या वहीत सापडते. जे मूल पाहून लिहिताना दहापैकी दहा शब्द अचूक लिहिते आणि ऐकून लिहिताना निम्म्याहून अधिक चुकवते, त्याच्या बुद्धीविषयी मत बनविण्यापूर्वी त्याच्या कानाविषयी शंका घ्यावी. चुकलेले शब्दही न्याहाळून पाहावेत. ‘पान’ चे ‘बाण’ आणि ‘साल’ चे ‘चाल’ होत असेल, तर ती लेखनाची चूक नव्हे; मुलाने ऐकले तेच लिहिले आहे.

आणखी एक लक्षण सांगतो, कारण ते आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. बहिरा माणूस मोठ्याने बोलतो असे आपण समजतो. परंतु कानाची बाहेरची वाट बंद झाली असता स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि अधिक मोठा भासतो. म्हणून असे मूल पुष्कळदा हळू, पुटपुटल्यासारखे बोलते. आपण त्याला भित्रे अथवा लाजाळू म्हणून मोकळे होतो.

शंका आली तर कुजबुजीची चाचणी घ्यावी. मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे त्याला आपले ओठ दिसणार नाहीत. एका कानाच्या तोंडाशी जो लहान उंचवटा असतो तो त्याच्याच बोटाने दाबून धरण्यास सांगावा. मग श्वास पूर्ण सोडून, कंठातून आवाज न काढता, दोनतीन अंक किंवा ओळखीचे शब्द कुजबुजावेत आणि त्याला म्हणून दाखविण्यास सांगावे. नंतर दुसरा कान. शब्द दर वेळी बदलावेत, कारण मुले चतुर असतात. सगळ्या वर्गाचा खेळ म्हणून ही चाचणी घेतल्यास कोणाही एका मुलाकडे बोट दाखविल्यासारखे होत नाही. ही काही वैद्यकीय परीक्षा नव्हे. कोणाला पुढे पाठवावे एवढे तिच्यावरून कळते, आणि आपले काम तेवढेच आहे.

डोंगराकडेच्या एका द्विशिक्षकी शाळेत काही वर्षांपूर्वी गेलो असता तिसरीतल्या एका मुलाची वही मला अशीच दिसली. पाहून लिहिलेले पान मोत्यासारखे, आणि त्याच्या समोरचेच श्रुतलेखनाचे पान तांबड्या शाईने भरलेले. मूल्यमापनाच्या नोंदीत शेरा होता, ‘लक्ष देत नाही’. गुरुजी प्रामाणिक होते. त्यांना जे दिसले ते त्यांनी लिहिले होते. चाचणी घेतली तेव्हा उजव्या कानाने मुलाला काहीच कळले नाही, डाव्याने एखादा शब्द कळला. वडिलांना बोलावून घेऊन, समजावून, मुलाला ग्रामीण रुग्णालयात पाठविले. तेथे पाच दिवस घालण्यासाठी थेंब मिळाले, आणि सहाव्या दिवशी पिचकारीने दोन्ही कान धुतले. ट्रेमध्ये चिंचोक्यासारखे काळे दोन खडे पडले. वडील सांगत होते की, पोराने पहिली गोष्ट विचारली ती छताकडे बोट दाखवून, ‘हा पंखा वाजतो का?’ त्या मुलाने दोन वर्षे वर्गात बसून कोणते धडे ऐकले असतील याचा हिशेब आता कोणी करावा?

आता हा मळ म्हणजे काय ते पाहू. ‘मळ’ या शब्दाने आपली दिशाभूल होते. तो बाहेरून आलेला केर नव्हे. कानाच्या नळीच्या बाहेरच्या सुमारे एक तृतीयांश भागात दोन प्रकारच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांचा स्राव आणि गळून पडलेल्या त्वचेचे कण मिळून हा पदार्थ बनतो. तो किंचित आम्लधर्मी असतो. धूळ आणि कीटक तो अडवून धरतो, नळीच्या त्वचेत पाणी मुरू देत नाही आणि जंतूंची व बुरशीची वाढ रोखतो. म्हणजे तो कानाचा पहारेकरी आहे. थोडा मळ असणे हे निरोगी कानाचे लक्षण आहे, आणि कानात मळ दिसला म्हणून मूल अस्वच्छ ठरत नाही. स्वच्छतेच्या तासाला नखे आणि दात पाहावेत, कानाची बाहेरची पाळी व मागची बाजू पाहावी. पण आतला मळ दिसला म्हणून मुलाला सर्वांसमोर लाजवू नये.

हा पहारेकरी आपली पाळी संपली की आपणहून बाहेर पडतो. कानाच्या पडद्यावरची आणि नळीतली त्वचा आतून बाहेर अशी सावकाश सरकत असते आणि तिच्याबरोबर मळही बाहेर येतो. चावताना, बोलताना जबडा हलतो त्याचीही यास मदत होते. बहुतेकांचे कान जन्मभर असे स्वतःच स्वच्छ होत राहतात. त्यात बाहेरून हात घालण्याचे काहीएक कारण नसते.

मळाचे दोन प्रकार आहेत, ओला चिकट आणि कोरडा कोंड्यासारखा. कोणाला कोणता असावा हे एका जनुकातील एवढ्याशा फरकाने ठरते, असे जपानी संशोधकांनी 2006 साली दाखवून दिले. पूर्व आशियात बहुतांश लोकांना कोरडा असतो, युरोपात व आफ्रिकेत ओला. आपल्या देशात दोन्ही आढळतात. रंगही फिकट पिवळ्यापासून काळपटापर्यंत असतो. जुना झालेला मळ काळा दिसतो, तो रोगट असतो असे नव्हे.

मग तो अडून का बसतो? कोणाची नळी जन्मतः अरुंद किंवा वाकडी असते. वृद्धांचा मळ कोरडा पडतो व कानात केसही वाढतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत, विशेषतः डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत, हा त्रास पुष्कळ आढळतो. आपल्या वर्गात विशेष गरजा असणारे मूल असेल तर त्याचे कान वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत, कारण त्याचे न ऐकणे हे सहजपणे त्याच्या मूळ अवस्थेच्या खात्यावर टाकले जाते. उन्हाळ्यात विहिरीवर पोहणाऱ्या मुलांच्या कानात पाणी गेले की आधीच साठलेला मळ फुगतो आणि एका रात्रीत कान बंद होतो. म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात ही चाचणी घेणे सोयीचे. परंतु या सर्वांहून मोठे कारण माणसाने स्वतः निर्माण केलेले आहे. ते म्हणजे कान कोरणे.

आगपेटीची काडी, केसांचा आकडा, सेफ्टी पिन, किल्ली, पेनचे टोपण, कोंबडीच्या पिसाचे देठ. मी हे सारे मुलांच्या आणि, क्षमा करा, शिक्षकांच्याही हातात पाहिले आहे. हल्ली दुकानात कापूस लावलेल्या काड्या मिळतात, त्यांना लोक सभ्य समजतात. वस्तुतः नळीच्या रुंदीची ती काडी तोफेत दारू ठासावी तसा मळ आत ठासते. बाहेरच्या भागात असलेला मळ, जो चार दिवसांनी आपण होऊन पडला असता, तो आतल्या हाडाच्या भागात जाऊन बसतो. तेथील त्वचा कागदासारखी पातळ असते, आणि तेथून मळाला परत येण्याची वाट सुचत नाही. मोठ्या माणसाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते, मुलाची त्याहून आखूड. तिच्या टोकाशी पडदा असतो. कोरता कोरता शेजारच्याचा धक्का लागला तर काय होईल ते सांगावयास नको. वर्गात तर शेजारी नेहमीच असतो.

जत्रेत, बाजाराच्या दिवशी लोखंडी सळई आणि तेलाची कुपी घेऊन कान काढणारे बसतात. त्यांचा हात सराईत असतो हे मान्य. परंतु एकच सळई न उकळता या कानातून त्या कानात जाते, आणि दिव्यावाचून पडदा कोठे आहे हे त्यांना दिसत नाही.

तेलाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण येथे आपला प्रश्न घराघरांतील वडीलधाऱ्यांशी आहे. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडणे, कान दुखला की लसूण घालून कढविलेले तेल ओतणे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. एका पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, ‘तेल घातल्याबिगर कान ऱ्हातुय व्हय, सायेब? आमी सगळी तेलावरच वाढलो.’ मी त्यांना म्हटले, ‘आजी, तुमचे खरे आहे. धड कानात कोमट तेलाचे चार थेंब गेले तर बहुधा काही बिघडत नाही. पण कान धड आहे की फुटका, हे बाहेरून तुम्हाला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही.’ पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत मधल्या कानात उतरते. कढत तेलाने नळी भाजते. पावसाळ्यात ओलसर, तेलकट कानात बुरशी धरते. आजींना हे पटले असे मी म्हणणार नाही. परंतु नातवाला डॉक्टरांकडे नेण्यास त्या तयार झाल्या, आणि वादात जिंकण्यापेक्षा ते अधिक आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना त्यांच्या रीतीची थट्टा करू नये. केली की दार बंद होते.

आता आपल्याच हाताविषयी बोलतो. ‘ऐकत नाहीस का?’ असे म्हणून कानाखाली मारणे आणि कान पिरगाळणे या शिक्षा आपल्या पिढीने भोगलेल्या आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009, याच्या कलम 17 अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, हे आपणांस ठाऊक आहे. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी शरीराची गोष्ट उरते. उघड्या तळव्याची थप्पड कानावर बसली की नळीतील हवा एकदम दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. ज्या मुलाला मळामुळे ऐकू येत नव्हते आणि महिन्याभरात बरे झाले असते, त्याला न ऐकल्याबद्दल मारून आपण खरोखरीचे बहिरेपण द्यावे, याहून मोठा अन्याय वर्गात घडू शकत नाही.

घट्ट बसलेला मळ काढण्याची सुरक्षित रीत आता सांगतो. प्रथम डॉक्टरांनी दिव्याच्या उपकरणाने कान पाहिला पाहिजे. कान वाहत असेल, कधी काळी फुटला असेल, दुखत असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर घरी थेंब किंवा पाणी काहीही घालावयाचे नाही. तेथे सारे काम तज्ज्ञांचेच. मळाला दुर्गंधी नसते. घाण वास आला, पू दिसला, तर तो मळ नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे.

पडदा शाबूत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, की उपाय अगदी साधा आहे: मळ मऊ करावयाचा आणि वाट पाहावयाची. यासाठी सोडियम बायकार्बोनेटचे थेंब देतात, औषधी ऑलिव्ह तेल देतात, तयार मिश्रणेही मिळतात. 2018 साली कॉक्रेन या संस्थेने आतापर्यंतचे प्रयोग तपासून पाहिले. काहीच न करण्यापेक्षा पाच दिवस थेंब घातल्याने मळ निघून जाण्याची शक्यता वाढते असे तीत दिसले, परंतु अमुक थेंब तमुकापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. साध्या अथवा मिठाच्या पाण्याहून औषधी थेंब वरचढ आहेत असेही सिद्ध झाले नाही. तेव्हा गरीब पालकाने महागड्या बाटलीसाठी उधारी करण्याचे कारण नाही. आरोग्य केंद्रात जे मिळेल ते वेळेवर घालणे महत्त्वाचे.

घालण्याची रीत पालकांना प्रत्यक्ष दाखवावी. बाटली पाचदहा मिनिटे मुठीत धरून अंगाएवढी कोमट करावी, चुलीवर वा गरम पाण्यात नव्हे. मुलाला कुशीवर निजवावे, बंद कान वर. कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढावी, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. तीन वर्षांच्या आतील मुलाची पाळी खाली आणि मागे ओढावी. डॉक्टरांनी सांगितले असतील तितके थेंब नळीच्या कडेने सोडावेत आणि पाच ते दहा मिनिटे तसेच निजू द्यावे. मग कूस बदलून बाहेर आलेले स्वच्छ फडक्याने टिपावे. आत बोळा खुपसू नये. दिवसातून दोनतीन वेळा असे तीन ते पाच दिवस करतात. पहिल्या एकदोन दिवसांत मळ भिजून फुगतो आणि मुलाला आधीपेक्षाही कमी ऐकू येते. पालक नेमके येथे घाबरतात व औषध बंद करतात, किंवा काडी उचलतात. ही गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवावी. कान दुखू लागला, चक्कर आली तर मात्र थांबून डॉक्टरांकडे जावे.

पुष्कळदा एवढ्याने काम होते. झाले नाही तर डॉक्टर पिचकारीने कान धुतात, आकड्याने किंवा शोषण यंत्राने मळ काढतात. पिचकारीचे पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे 37 अंश सेल्सिअस असावे लागते. पाणी थंड किंवा फार गरम असेल तर माणसाला भोवळ येते आणि डोळ्यांची बुबुळे एका बाजूस झटके देऊ लागतात. व्हिएन्नाच्या रुग्णालयात कान धुताना रॉबर्ट बारानी यांच्या हे ध्यानात आले. थंड पाण्याने बुबुळे एकीकडे झटके देतात तर गरम पाण्याने दुसरीकडे, हे पाहून त्यांनी आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा अभ्यास केला, आणि त्या कार्याबद्दल त्यांना 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कान धुण्यासारख्या दुय्यम कामातून एवढे ज्ञान निघाले, हे विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगण्याजोगे आहे. पण म्हणूनच पिचकारी हे घरी किंवा शाळेत करावयाचे काम नव्हे. आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर स्वतःच्या कानावर असला प्रयोग मुळीच करू नये. त्यांच्या कानातील साधी जखम भयंकर चिघळू शकते.

शेवटी व्यवस्थेविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचे आरोग्य पथक शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीस येते. पथकाजवळ एका दिवसात शेकडो मुले असतात. आपण चाचणी घेऊन शंका असलेल्या मुलांची नावे, कोणता कान आणि केव्हापासून, एवढे एका कागदावर तयार ठेवले तर त्या मुलांकडे डॉक्टर अधिक वेळ देऊ शकतील. पथक येऊन गेले असेल तर पुढच्या वर्षाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. गावातील आशाताई किंवा आरोग्य सेविका सोबत जाण्यास बहुधा तयार असतात. मजुरी बुडते म्हणून पालक टाळाटाळ करतात, तेव्हा बाजाराचा दिवस सुचवावा.

तोपर्यंत मुलाला पुढच्या बाकावर, बरा कान आपल्याकडे येईल असे बसवावे. त्याच्याकडे तोंड करून बोलावे. ओरडू नये, सावकाश बोलावे. श्रुतलेखनाचे गुण त्या महिन्यात धरू नयेत. मळ निघाल्यानंतर आठवड्याभराने कुजबुजीची चाचणी पुन्हा घ्यावी आणि ती मात्र विसरू नये, कारण कमी ऐकू येण्याची कारणे अनेक आहेत आणि मळ हे त्यांतले सर्वांत सोपे. कान स्वच्छ होऊनही मूल चुकत असेल तर पडद्यामागे पाणी साठलेले असेल किंवा आतली नस कमकुवत असेल. अशा मुलाला श्रवणमापनासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागते. त्यासाठीचे पत्र मुख्याध्यापकांनी आपल्या सहीने द्यावे, त्याची प्रत शाळेत ठेवावी, आणि मूल परत आले की काय निष्पन्न झाले ते त्याच प्रतीवर लिहून ठेवावे. माझ्या पुढील शाळाभेटीत मी ही नोंद पाहणार आहे.